मालकी सरकारची की रहिवाशांची?

महोदय,

राज्यघटनेच्या उद्देशिकेतला ‘समाजवादी’ हा शब्द ठेवायचा की वगळायचा, या वादात दोन्ही बाजू समाजवाद म्हणजे सरकारी मालकी असे धरून चालतात. मुंबईचाच एक खटला या समजुतीला छेद देतो. त्याची चर्चा मात्र वकिलांपुरतीच राहिली आहे.

दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर लागू असलेल्या जुन्या, इमारती घ्या. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघेना, मालकांनी हात आखडला, इमारती खचू लागल्या. १९६९ च्या कायद्याने उपकर लावून दुरुस्तीसाठी मंडळ नेमले, पण गोळा होणारा पैसा आणि मोडकळीला आलेल्या इमारती यांचा मेळ बसला नाही. म्हणून १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात प्रकरण आठ-अ आले. किमान ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून अर्ज करायचा, सरकारने इमारत जमिनीसह संपादित करायची, मालकाला मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम द्यायची आणि मालमत्ता त्या संस्थेला सोपवायची. समजा, चाळीत २० खोल्या आहेत आणि प्रत्येकीचे भाडे १५० रुपये. महिन्याचे ३,००० झाले, मालकाला मिळणार ३ लाख. गिरगाव-परळचा जमिनीचा भाव ज्याला ठाऊक आहे, त्याला मालक कोर्टात का गेले हे वेगळे सांगायला नको.

याला समाजवाद म्हणायचे का? सरकार इथे मालक होत नाही, मालकी रहिवाशांच्या संस्थेकडे जाते. उद्योग-जमीन सरकारने चालवावी असे मानणाऱ्याला हे अर्धवट वाटेल, सहकाराची कास धरणाऱ्याला हाच खरा समाजवाद वाटेल आणि मालकाला ही लूट वाटेल. माझ्या मते तरतुदीचा हेतू योग्य होता, मोबदल्याचे सूत्र अन्यायाचे. गोठवलेल्या भाड्यावर मोबदला ठरवला की मालकावर एकच अन्याय दोनदा होतो.

५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी मालकांच्या याच खटल्यात राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(ख) चा अर्थ लावला. समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी व नियंत्रण सर्वांच्या हिताचे होईल अशा रीतीने राज्याने वाटावे, असे हे मार्गदर्शक तत्त्व सांगते. त्यावर ‘न्यायालयाने समाजवाद मोडीत काढला’ असे बोलले जाते, ते खरे नाही. प्रत्येक खासगी मालमत्ता ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही, एवढेच बहुमताने सांगितले. काही मालमत्ता ठरू शकते. त्यासाठी तिचे स्वरूप, समाजहितावरचा परिणाम, तुटवडा आणि ती मोजक्या हातांत एकवटल्याने काय होते, हे तपासायचे. मुंबईतल्या जमिनीला यातला तुटवड्याचा निकष लावून पाहावा. प्रकरण आठ-अ वैध की अवैध, हे त्या निकालाने ठरवलेले नाही. त्याच महिन्यात, २५ तारखेला, दोन न्यायमूर्तींच्या पीठाने उद्देशिकेतला शब्द कायम ठेवला आणि भारतात त्याचा अर्थ कल्याणकारी राज्य व समान संधी असा आहे, खासगी उद्योगाला त्याने आडकाठी होत नाही, असे स्पष्ट केले.

डॉ. आंबेडकरांना दोन्ही बाजू अर्धेच उद्धृत करतात, याचे वाईट वाटते. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची असावी आणि तसे घटनेतच लिहावे, अशी मागणी केली. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी मात्र, संविधान सभेत तिचे सदस्य के. टी. शहा यांनी घटनेत ‘समाजवादी’ हा शब्द घालण्याची सूचना मांडली तेव्हा, समाजरचना कशी असावी हे लोकांनी काळ पाहून ठरवावे, असे सांगून त्यांनी ती नाकारली. शिवाय मार्गदर्शक तत्त्वांत समाजवादी आशय आधीच आहे, हेही त्यांनी दाखवून दिले. शब्द वगळा म्हणणारे पहिली भूमिका लपवतात, ठेवा म्हणणारे दुसरी.

आणि सरकारी नियंत्रण मागणारा प्रत्येक जण समाजवादी असतो असेही नाही. १९४४ ची ‘मुंबई योजना’, म्हणजे देशाच्या आर्थिक विकासाचा आराखडा, टाटा, बिर्ला यांच्यासारख्या उद्योगपतींनीच मांडली होती; सरकारी गुंतवणूक आणि नियंत्रण त्यांनाच हवे होते.

आपल्या दैनिकाने प्रकरण आठ-अ मधली मोबदल्याची तरतूद मूळ शब्दांत छापावी आणि तिच्यावर भाडेकरू, मालक आणि सहकारातले जाणकार, तिघांनाही लिहायला सांगावे, ही विनंती.

— एक वाचक, गिरगाव, मुंबई