शाल-श्रीफळाआधी अक्षरे मोजा

महोदय,

पुण्यात कविसंमेलनांना तोटा नाही. पण शुल्क भरा, एक कविता वाचा, शाल आणि सन्मानपत्र घेऊन घरी जा, ही पद्धत आता रुळत चालली आहे, याचे वाईट वाटते. सन्मानपत्रावरचे नाव ठळक असते, कवितेची ओळ मात्र कुणाला आठवत नाही.

तिथे ‘अभंग’ म्हणून वाचले जाते ते बोटांवर मोजून पाहावे. मोठ्या अभंगाच्या कडव्यात ४ चरण. पहिल्या तिन्हींत ६-६ अक्षरे, चौथ्यात ४, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. जोडाक्षर एकच धरायचे, ऱ्हस्व-दीर्घ बघायचे नाही. लहान अभंगात ८-८ अक्षरांचे दोन चरण. अक्षर कमी पडले की नवखा कवी ‘रे’, ‘हो’, ‘ते’ भरतो. यमक जुळेना की जे म्हणायचेच नव्हते ते म्हणून बसतो. कवितेत खोटेपणा शिरतो तो इथे. संतांचेही चरण कुठे कुठे सैल आहेत, पण ते गाण्यासाठी रचलेले. चाल आणि टाळ ती उणीव भरून काढतात.

त्याहून वाईट म्हणजे स्वतःच्या ओळींना ‘तुका म्हणे’ जोडून मोबाइलवर पाठवणे. गाथेच्या अनेक प्रतींत शेवटी अभंगांची अकारविल्हे सूची असते. त्यात पहिला चरण शोधायला दोन मिनिटे पुरतात. देहू इथून जेमतेम ३० किलोमीटर, निदान आपण तरी एवढे करावे.

संयोजकांनी शुल्क बंद करावे आणि नावे झाकून कविता निवडाव्यात.

– एक काव्यप्रेमी, सदाशिव पेठ, पुणे