शेडला निधी, निवडणाऱ्या हातांना मात्र काहीच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घनकचऱ्याच्या अनुदानाचे निकष बदलण्यासंबंधीची कालच्या अंकातील बातमी वाचली आणि राहवले नाही म्हणून लिहीत आहे. बातमीत यंत्रे आहेत, वाहने आहेत, छायाचित्रासह ऑनलाइन नोंद आहे. रोज कचरा निवडणाऱ्या माणसाला मजुरी कोठून मिळणार, याबद्दल मात्र एक ओळही नाही.

आमच्या गावात वर्गीकरण शेड बांधली, तेव्हा काम आमच्या महिला बचत गटाकडे आले. घंटागाडीतून उतरलेला ढीग ताडपत्रीवर पसरायचा, दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायच्या, पुठ्ठा बांधून ठेवायचा, शाम्पूच्या पुड्या आणि वेफर्सची पाकिटे वेगळ्या पोत्यात भरायची आणि त्यातूनच लहान मुलांचे डायपर व सॅनिटरी पॅड हाताने बाजूला काढायचे, असे ते काम होते. पहिले काही महिने मानधन मिळाले. नंतर 'मजुरीला तरतूद नाही' असे सांगण्यात आले आणि हातमोजेही बंद झाले. त्याच सुमारास शेडसमोर पेव्हर ब्लॉक बसवण्याचे काम मात्र मंजूर झाले, त्याचे बिलही निघाले. बायका यायच्या थांबल्या. आता शेडला कुलूप आहे आणि ओला-सुका एकत्र होऊन पूर्वीसारखाच ओढ्याकाठी पडतो आहे. कागदोपत्री आमचा प्रकल्प पूर्ण झालेला आहे.

यात केवळ आमच्या ग्रामपंचायतीचा दोष आहे असे मी म्हणणार नाही, कारण निकषच तसे आहेत. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये धरले आहेत, त्याहून मोठ्या गावाला ४५ रुपये. म्हणजे तीन हजार वस्तीच्या गावाला १ लाख ८० हजार रुपये, आणि त्यातलाही ३० टक्के वाटा ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून उचलायचा. ही रक्कम एकदाच मिळते; कचरा मात्र रोज तयार होतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच वापरायच्या निधीतून स्वच्छतेच्या कामांची देखभाल करता येत होती, हे मला ठाऊक आहे. परंतु आराखडा करताना ज्याचे मोजमाप घेता येते, ज्याची निविदा काढता येते आणि ज्यावर फलक लावता येतो तेच काम वर सरकते, आणि देखभाल शेवटच्या पानावर राहते. त्या आयोगाचा कालावधी मार्च २०२६ मध्ये संपला आहे. नियम बदलायचे असतील, तर ते बदलण्याची हीच वेळ आहे.

माझी मागणी साधी आहे. अनुदानाचा ठरावीक हिस्सा वर्गीकरणाच्या मजुरीसाठी राखून ठेवावा, तो अन्य कामाकडे वळवता येऊ नये आणि पुढचा हप्ता शेडच्या छायाचित्रावर न देता प्रत्यक्ष वेगळ्या केलेल्या आणि पुढे पाठवलेल्या मालाच्या वजनपावतीवर द्यावा. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघरी जाऊन कचरा गोळा करते. सभासदांना घरटी शुल्कही मिळते आणि भंगार विकून येणारे पैसेही. वेंगुर्ले नगर परिषदेने कचऱ्याचे वीसहून अधिक प्रकार वेगळे करून दाखवले. दोन्हीकडे काम चालले ते माणसांच्या रोजच्या कष्टावर. खेड्यात मालाची विक्री आणखी अवघड असते. भंगारवाला पुठ्ठा, पत्रा, बाटल्या नेतो. वेफर्सच्या पाकिटांना तो हात लावत नाही. त्यासाठी तालुक्याला प्लास्टिक व्यवस्थापन केंद्र असावे म्हणून १६ लाखांपर्यंतची तरतूद आहे, पण गावातली पोती तिथवर नेण्याचे भाडे कोणी द्यायचे, हे ठरल्याशिवाय आमच्यासारख्यांना त्या केंद्राचा काय उपयोग?

१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या घनकचरा नियमांप्रमाणे ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (औषधे, बल्ब, रंगाचे डबे यांसारखा) असा चार प्रकारचा कचरा घरातच वेगळा करायचा आहे. निर्णय योग्य आहे, मी त्याचे मनापासून स्वागत करते. परंतु घरात चार डबे ठेवले आणि दारात आलेल्या गाडीला कप्पा एकच असला, तर लोक दुसऱ्याच आठवड्यात वेगळे करणे सोडून देतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

जाता जाता आणखी एक. रविवारच्या अंकात घालून येणारी जाहिरातपत्रके हल्ली प्लास्टिकचा थर दिलेल्या गुळगुळीत कागदाची असतात. हा कागद ना रद्दीवाला घेत, ना तो खतात कुजत. आमच्या पोत्यांत तो फार निघायचा. कचऱ्यावर आपण अग्रलेख लिहिता, याबद्दल आदर आहेच. तरी असली पत्रके अंकात घालू नयेत अशी सूचना आपण वितरकांना द्यावी, ही विनंती.

आपली नम्र,
महिला बचत गटाची एक सदस्य, जि. सातारा