पंचनाम्यानंतर नातेवाइकांजवळ कोण थांबतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापुरातल्या अपघाताच्या आणि मारहाणीच्या बातम्या बहुतेक एकाच वाक्यावर संपतात: 'या घटनेची नोंद सिव्हिल पोलीस चौकीत झाली आहे.' सिव्हिल म्हणजे सरकारी रुग्णालय, तिथली ही चौकी. घरच्यांचे हेलपाटे मात्र तिथूनच सुरू होतात. माझी न्यायालयातली नोकरी मोटार अपघात दाव्यांची कागदपत्रं हाताळण्यात गेली. हे हेलपाटे मला फायलींतून कळले, आणि टेबलासमोर उभ्या राहिलेल्या माणसांकडून त्याहून जास्त. म्हणून एक मागणी मांडतो. शहर पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण पोलीस अधीक्षक कार्यालय यांनी मिळून अपघातग्रस्त व गुन्ह्यातील पीडितांच्या सोबतीसाठी प्रशिक्षित स्वयंसेवकांचं पथक उभं करावं.

पोलिसांना नावं ठेवायला हे लिहीत नाही. मध्यरात्री महामार्गावर गाडी उलटली की त्याच दोन-तीन अंमलदारांना वाहतूक मोकळी करायची असते, जखमींना हलवायचं असतं, घटनास्थळाचा आणि मरणोत्तर पंचनामा करायचा असतो, जबाब घ्यायचे असतात. सकाळी बंदोबस्त असतोच. डॉक्टर जखमीत गुंतलेले. बाहेर कट्ट्यावर बसलेल्या नातेवाइकाला पी.एम. म्हणजे शवविच्छेदन कुठं होतं, सही कोणत्या कागदावर करायची, शववाहिका कोण देतं, यातलं काही ठाऊक नसतं. आपलं शहर पुणे, हैदराबाद, विजयपूर, तुळजापूर अशा रस्त्यांच्या नाक्यावर वसलेलं. अक्कलकोटला निघालेलं मुंबईचं कुटुंब, पंढरीहून परतणारे वारकरी, तेलंगणातला ट्रकचालक यांचं इथं ओळखीचं कुणी नसतं. आणि स्थानिकांचं तरी काय? पूर्व भागातली विडी कामगार बाई तेलुगूत आकांत करते, तिचा जबाब मराठीत लिहिला जातो. कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांचीही हीच गत. तेलुगू, कन्नड, उर्दू येणारा एक माणूस शेजारी बसला, तरी निम्मं ओझं उतरेल.

असा माणूस तिथं नसतो, पण एजंट वेळेवर पोहोचतो. मयताचे अंत्यविधी व्हायच्या आत कोऱ्या वकीलपत्रावर सही घेतलेली आणि भरपाईतला वाटा आधीच ठरलेला, अशी प्रकरणं मी ऐकून आहे. लोक फसतात कारण त्यांना नियम सांगणारं दुसरं कुणी भेटलेलं नसतं. नियम तसे अवघड नाहीत. १ एप्रिल २०२२ पासून अपघात दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. त्याआधी बरीच वर्षं अशी मुदतच नव्हती, त्यामुळे 'वर्षश्राद्ध झाल्यावर बघू' म्हणणारी घरं अजून आहेत. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलं नाही, तरी त्याच तारखेपासून लागू झालेल्या योजनेत मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसील पातळीवर करायचा असतो, न्यायालयात नाही. पूर्वी हीच रक्कम पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होती. 'गाडीच सापडली नाही, आता काय मिळणार' असं म्हणून फाइल गुंडाळून ठेवलेली माणसं मी पाहिली आहेत. शिवाय २०२५ पासून पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत विनारोकड उपचारांची योजना आहे, पण ती ठरवून दिलेल्या रुग्णालयांत. जखमीला कुठं न्यायचं हे पहिल्या तासातच कळायला हवं.

गुन्ह्यातल्या पीडिताची अडचण वेगळी. त्याला भीती असते, आणि बहुतेकदा आरोपी त्याच गल्लीत राहतो. फिर्यादीची प्रत मोफत मिळते आणि तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, हे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेत, स्पष्ट आहे. अत्याचारग्रस्त महिला आणि बालकांसाठी अर्थसाहाय्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, तिचं काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं आहे. पण ठाण्याच्या पायरीवर चढतानाच जिचे पाय लटपटतात, ती प्राधिकरणापर्यंत कशी जाईल? लहान मुलांच्या बाबतीत पोक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचारविरोधी कायदा) नियमांनी सोबतीला मदतनीस व्यक्ती देण्याची सोय केलीच आहे. मोठ्यांनाही सोबत लागते.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहरात १९७४ साली अशा स्वयंसेवकांचं काम सुरू झालं आणि पुढं देशभर पसरलं. आपल्याला तिकडचं उचलून आणायची गरज नाही. कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांसाठी रस्ताभर चहा, जेवण, औषधं घेऊन रात्र जागवणारी मंडळं इथलीच. माणसं आहेत, फक्त हे काम वर्षभराचं आणि बिनगाजावाजाचं आहे.

खरी धास्ती दुसरीच. ओळखपत्र मिळालं की दुचाकीवर 'पोलीस मित्र' चिकटवून सिग्नल तोडणारे महाभाग आपण पाहतो. या पथकात त्यांचं काम नाही. गणवेश नको, शिट्टी नको, मोबाइल खिशात. मृतदेहाचे फोटो घरच्यांच्या आधी व्हॉट्सअॅपवर पोहोचतात, ही लाज तरी थांबेल. स्वयंसेवकाने तपासात नाक खुपसायचं नाही, साक्षीदाराला काही शिकवायचं नाही, वकील सुचवायचा नाही, एक रुपया घ्यायचा नाही. 'झालं गेलं, मिटवून घ्या' हे तर चुकूनही बोलायचं नाही. आपल्याकडं सांत्वनाला आलेला प्रत्येक तिसरा माणूस हेच सांगतो. गुप्ततेच्या लेखी हमीशिवाय कुणाला घेऊ नये.

मृत्यूची खबर देण्याचं कामही बघा. आज ती पुष्कळदा फोनवरच दिली जाते. पोलिसासोबत एक पोक्त बाई किंवा माणूस दारात गेला, खबर दिल्यावर तासभर बसला, शेजारच्यांना बोलावलं, आणि तेराव्यानंतर कागदपत्रांसाठी पुन्हा एकदा डोकावला, तर त्या घराला किती आधार होईल. विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक आहेतच. त्यांना या पथकाशी जोडलं तर कायद्याची बाजू सांभाळली जाईल.

सुरुवात सिव्हिल चौकी आणि पुणे महामार्गावरच्या मोहोळ किंवा टेंभुर्णी ठाण्यापासून करावी, तीही नवरात्राच्या आधी, कारण तेव्हा तुळजापूरचा रस्ता पायी चालणाऱ्यांनी भरतो. स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात दाव्याच्या कागदपत्रांचा तास मी विनामूल्य घेईन. पोलीस आयुक्त आणि अधीक्षक यांनी यावर काय ठरवलं, ते आपल्या वृत्तपत्रानेच त्यांना विचारावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सोलापूर