शकुंतलेची स्टेशनं पाडण्याआधी मापं घेऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरची शकुंतला, म्हणजे आपली अरुंद रुळांची रेल्वेगाडी, बंद पडून काही वर्षं झाली. हा मार्ग ब्रॉडगेज व्हावा ही मागणी रास्त आहे आणि माझाही तिला पाठिंबा आहे. पण काम सुरू होईल तेव्हा पहिला बुलडोझर जुन्या स्टेशनांवर आणि मालधक्क्यांवर चालेल. त्याआधी त्यांची मापं घेतली जावीत, आणि तीही आज ती जशी उभी आहेत तशाच पडक्या अवस्थेत, एवढीच विनंती करण्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये पेंटर होतो. निवृत्त झाल्यापासून मॉडेलं बनवतो. सध्या दारव्हा ते कारंजा या पट्ट्यातल्या एका लहान, ओसाड स्टेशनचं मॉडेल हातात आहे. माप 1:87, म्हणजे खऱ्या वस्तूच्या 87 मिलिमीटरला मॉडेलात एक मिलिमीटर. हे माप धरायला कारण आहे. शकुंतलेचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 762 मिलिमीटर. मॉडेलवाल्यांच्या बाजारात 9 मिलिमीटर रुंदीचे एन गेजचे रूळ मिळतात. 9 ला 87 ने गुणलं की 783 येतात. एवढा फरक डोळ्यांना कळत नाही. या मापात साडेपाच फुटी माणूस 19 मिलिमीटरचा होतो आणि नऊ इंची वीट अडीच मिलिमीटरपेक्षा किंचित मोठी. रुळांखालची खडी करताना वाळू चाळणीतून नव्हे, कापडातून चाळावी लागते, कारण एक मिलिमीटरचा खडा म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन इंची धोंडा.

गेल्या हिवाळ्यात एका प्रदर्शनात हे अर्धवट मॉडेल ठेवलं होतं. परीक्षक म्हणाले, मेहनत चांगली आहे, पण एवढं भकास कशाला केलं? छान रंगवून आणा, बक्षीस देऊ. शेजारी एका शाळकरी मुलाने गावातल्या पडक्या जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचं, पुठ्ठ्याचं मॉडेल मांडलं होतं. त्यालाही तेच ऐकावं लागलं. मला त्या मुलाचं फार वाईट वाटलं. त्याने पत्र्यावरचा गंज बरोबर खिळ्यांच्या भोवतीच काढला होता. हे त्याला कोणी शिकवलं नसणार, त्याने जाऊन पाहिलं असणार.

गंजाशी माझं आयुष्यभराचं नातं आहे. गाडीचा पत्रा कधीच मधोमध गंजत नाही. पाणी जिथे अडून बसतं, म्हणजे सांध्यात, रिव्हेटच्या डोक्याखाली, खिडकीच्या खालच्या कडेला, तिथे तो सुरू होतो आणि मग ओघळ खाली उतरतो. इमारतीचंही तसंच. जमिनीतली ओल भिंतीत चढते, म्हणून प्लास्टर आधी तळाशी फुगतं, लोणा येतो, मग पापुद्रे सुटतात आणि विटा उघड्या पडतात. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा दोन्ही, म्हणून तिचा रंग सगळ्यात आधी उडतो. पिंपळ उगवतो तो पाखरं बसतात त्या कठड्याच्या फटीत. छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, आधी कडेचे घसरतात. मोडकळीला असा क्रम असतो, प्रत्येक डागाला कारण असतं. ज्याने कारण न पाहता नुसता तपकिरी रंग फासला, त्याचं मॉडेल घाण दिसतं, जुनं दिसत नाही.

म्हणूनच वेदरिंगला, म्हणजे मॉडेलवर जुनेपणाच्या खुणा उमटवायला, बांधकामापेक्षा जास्त वेळ जातो. माझी पद्धत सांगतो, कोणाला उपयोग झाला तर आनंदच आहे. पत्र्याला आधी गंजाचा रंग द्यायचा, तो वाळला की वरून केसांना मारतात तो हेअर स्प्रे, आणि त्यावर मूळ रंगाचा पाण्यातला पातळ हात. तासाभराने ओल्या ब्रशने हलकेच घासलं की स्प्रे विरघळतो, वरचा रंग टवके उडाल्यासारखा निघतो आणि खालचा गंज दिसू लागतो. लाकडासाठी व्हिनेगरमध्ये भांडी घासायची लोखंडी घासणी काही दिवस भिजत ठेवायची. आइस्क्रीमच्या काड्यांना आधी कडक काळा चहा लावायचा, मग हे पाणी. काडी डोळ्यांसमोर राखाडी होते, पन्नास वर्षं उन्हात पडलेल्या, रुळांखालच्या लाकडी स्लीपरसारखी. माती मात्र मी बाजारची वापरत नाही. स्टेशनमागच्या वावरातली काळी माती वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करून घेतो. शेवटी सगळ्यावर मॅट व्हार्निश, कारण जरा चकाकलं की ते खेळणं वाटतं.

आता मापं पडक्या अवस्थेतच का घ्यायची, त्याकडे येतो. शेवटच्या काळात शकुंतलेच्या बऱ्याच स्टेशनांवर रेल्वेचा माणूसच नसायचा, तिकिटं गार्ड द्यायचा. म्हणजे गाडी चालू असतानाच तिकीट खिडक्या मेल्या होत्या. माझ्या स्टेशनवर ते स्पष्ट दिसतं. प्लॅटफॉर्मची कड प्रवाशांच्या पायांनी गुळगुळीत आहे, पण खिडकीचे गज गंजून पोपडे धरलेले आहेत आणि आतल्या खोलीच्या दारापर्यंत तरोटा आणि गाजरगवत माजलं आहे. ही हकिगत कोणत्याही फाईलमध्ये सापडणार नाही, ती त्या भिंतींवरच लिहिलेली आहे. डागडुजी करून पांढरा चुना मारला तर ती जाईल, पाडलं तर जाईलच.

वऱ्हाडातली रुई या अरुंद रुळांवरून मुंबईच्या बंदराकडे आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांकडे गेली. 1921 साली मँचेस्टरमध्येच बनलेलं वाफेचं इंजिन 15 एप्रिल 1994 पर्यंत ही गाडी ओढत होतं. त्या मार्गाच्या एकाही स्टेशनचा मापांसकट नकाशा सामान्य माणसाला सहज मिळू नये, हे मला सहन होत नाही. पुण्यात कोथरूडला छोट्या रेल्वेचं जोशी संग्रहालय आहे, लोक मुलांना घेऊन आवर्जून तिथे जातात. आपल्या जिल्ह्यातल्या रेल्वेसाठी निदान कागद तरी असावा.

खर्च फारसा नाही. जिल्ह्यात पॉलिटेक्निक आहेत, आयटीआय आहेत. स्थापत्याच्या मुलांना एका सत्रात एकेक स्टेशन वाटून द्यावं आणि रेल्वेने त्यांना आत जाण्याची रीतसर परवानगी द्यावी. प्रत्येक भिंतीचा फोटो अगदी समोरून काढावा आणि फोटोत भिंतीला टेकवून एक मीटरची पट्टी उभी करावी. एवढ्यावरून माझ्यासारख्याला दाराची उंचीही काढता येते. भेगा, ओघळ, पडलेले कवेलू नकाशात जसेच्या तसे दाखवावेत. शाळांच्या प्रदर्शनांतल्या परीक्षकांनाही विनंती, की मुलाने पडकी वास्तू केली असेल तर रंग का नाही मारला हे विचारण्याआधी, हा डाग इथेच का, असं त्याला विचारावं. त्याला उत्तर येत असेल तर गुण द्यावेत.

एक प्रश्न मला स्वतःला पडला आहे. प्रतीक्षालयाच्या दारावरून सुटलेला एक टवका मी घरी आणून भिंगाखाली पाहिला. कडेला थर मोजता येतात: सगळ्यात वर फिका निळा, त्याखाली चॉकलेटी, त्याखाली गडद हिरवा, आणि लाकडाला लागून शेंदराचा अस्तर. माझा अंदाज असा, की वाफेच्या इंजिनाच्या काळात दारं हिरवी होती. त्या मार्गावर नोकरी केलेले कोणी वाचक असतील आणि त्यांना आठवत असेल, तर त्यांनी याच सदरात कळवावं. दारांचं काम मी तोपर्यंत थांबवलं आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त एसटी पेंटर, यवतमाळ