आमच्या छतात लाकडी पट्ट्या नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला दहा मिनिटांत छताला हूक बसवायचा लेख वाचला. छान आहे. फोटोतल्या बाईंचा गॉगल तर फारच छान. फक्त त्या हसत हसत ज्या छताला ड्रिल लावताहेत, ते लाकडी आहे. 'छत बोटांनी ठोकून आतली पट्टी शोधा, शंका वाटल्यास लोहचुंबक फिरवा' (म्हणजे पट्टीतले खिळे सापडतील) असा सल्लाही आहे. मी चहा झाल्यावर खुर्चीवर चढून ठोकून बघितलं. सगळीकडे एकच आवाज. (या वयात खुर्चीवर चढलो म्हणून घरात बोलणी खाल्ली, ती वेगळी.) मारुती चौकाजवळच्या आमच्या १९८४ सालच्या अपार्टमेंटात लाकडी पट्टी कुठून येणार, साहेब? आमच्या डोक्यावर स्लॅब आहे.

हे हसण्यावारी नेलं असतं. पण गेल्या वर्षी मुलगी बाळंतपणाला आली होती आणि बारशाला पाळणा टांगायचा होता. आमच्या आईच्या गावभागातल्या घरात तुळईला कड्याच होत्या, दोर अडकवला की झालं. इथे पंख्याचा हूक सोडला तर काही नाही. जावईबापू पुण्याहून नवं कोरं ड्रिल घेऊन आले. त्यांनीही अशीच कुठली तरी माहिती वाचली होती. चुंबक फिरवला, तो कुठेच ओढला गेला नाही, म्हणजे 'इथे काही नाही' असं ठरलं. तांब्याची तार आणि पीव्हीसीचा पाईप चुंबकाला कधीपासून चिकटायला लागले?

पंख्याचं बटण बंद केलं. मेनही पाडलं. ड्रिलला वीज समोरच्या फ्लॅटमधून वायर ओढून घेतली. इतकी काळजी! पण मेन पाडलं की इन्व्हर्टरला वाटतं वीज गेली, आणि तो इमानाने सुरू होतो. आतल्या खोलीच्या दिव्याची फेज हॉलच्या स्लॅबमधूनच गेली होती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. दीड इंच आत गेल्यावर फट् आवाज, निळी ठिणगी, आणि जावईबापू स्टुलावरून दिवाणावर. नशीब, दिवाण होता. जावयाला बोलायची सोय नसते, त्यामुळे मी इन्व्हर्टरला बोललो.

वायरमनने समजावलं ते तुमच्या लेखात एका ओळीत तरी यायला हवं होतं. घरातला स्लॅब साधारण साडेचार-पाच इंचांचा. खालून पाऊण इंच सिमेंटचं कव्हर, मग सळ्यांची जाळी, आणि वायरिंगचे पाईप त्या जाळीवर ठेवून वरून काँक्रीट ओततात. दीड-दोन इंच भोक पाडलं की ड्रिल नेमकं पाईपाच्या उंचीला पोहोचतं. भिंतीत वायर बटणापासून सरळ वर जाते, तिचा अंदाज तरी बांधता येतो. स्लॅबमध्ये ती पंख्याच्या डब्यातून जवळच्या वाटेने, तिरकी, वाटेल तशी जाते. नकाशा कुणाकडे नसतो. सळई लागली तर निदान ड्रिल किंचाळतं आणि चकचकीत चुरा पडतो, मग माणूस थांबून बाजूला सरकतो. पाईप काही बोलत नाही.

आणि स्क्रूसाठी भोकात ठोकायची ती प्लास्टिकची गिट्टी! भिंतीत स्क्रू आडवा असतो, वजन त्याच्यावर टेकून राहतं. छतात तेच वजन गिट्टीला सरळ बाहेर खेचतं. कुंडी टांगलेली पडली तर माती झाडता येते. पाळण्यात लेकरू असतं.

नवी वायर त्या फुटक्या पाईपातून काही गेली नाही. आता आमच्या हॉलच्या छतावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत वायर झाकणारी पांढरी केसिंग पट्टी आहे. भोकाभोवती भाकरीएवढा पोपडाही सुटला. आतली सळई बघितली तर गंजून तिचे पापुद्रे सुटलेले. गंज चढला की लोखंड फुगतं आणि खालचं सिमेंट ढकलून देतं, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. आमचा मजला शेवटचा, गच्ची दर पावसाळ्यात गळते. खालच्यांनी तर २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिले. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर तीन वर्षांनी करावं असं सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत आहे. आमच्याकडे तो विषय निघाला की नेमका कोरम भरत नाही. गणपतीच्या वर्गणीच्या सभेला मात्र खुर्च्या कमी पडतात. असो.

बारसं शेजारून मागून आणलेल्या लोखंडी स्टँडवर झालं. पाळणा मस्त हलत होता. ड्रिल माळ्यावर आहे, खोक्यासकट.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सांगली

ता. क. गच्चीच्या गळतीवरच्या माझ्या मागच्या पत्रातला मुद्द्याचा परिच्छेद आपण कापलात आणि फक्त 'सप्रेम नमस्कार' व सही छापल्यासारखं केलंत. या वेळी जागा नसेल तर जावयांचा भाग काढा, त्यांचीही हरकत नाही. इन्व्हर्टरचा ठेवा.