चौथा उद्गार

नगर,
ईस्टरनंतरचा मंगळवार

प्रिय शशी,
सप्रेम सलाम.

फोनवर तू विचारलंस, "हल्ली चर्चला जातोस की सोडलंस?" आणि मी आवाज येत नाही म्हणून विषय टाळला. आवाज नीट येत होता. पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आज कागद घेऊन बसलोय.

आईचं शेवटचं दुखणं तुला ठाऊक आहे. एक गोष्ट मात्र तुला सांगितली नव्हती. तिच्या अखेरच्या महिन्यात आमच्या घरी प्रार्थनेला बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. तेल लावलं, डोक्यावर हात ठेवला, दुखण्याला "नीघ" म्हणून दरडावलं. जाताना दाराशी मला म्हणाले, "घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय." हळू बोलण्याची सवय नसलेला माणूस. आईने पलंगावरून ऐकलं. पुढे रात्री झोप लागली नाही की ती म्हणायची, "माझाच कमी पडला असेल रे." सत्तर वर्षं उपासना न चुकवलेली बाई, शशी.

त्यानंतर काही महिने मी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचलं ते वकिलासारखं, त्या माणसाविरुद्ध पुरावा गोळा करायला. पुरावा सापडत गेला. ज्या प्रेषित पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन इफिस शहरात आजारी बरे होत होते, तोच पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, शेवटच्या पत्रात लिहितो की सोबती त्रफिम आजारी होता, म्हणून त्याला मिलेतात ठेवून आलो. बस, एवढंच. त्रफिमाचा विश्वास कमी पडला, असं एका शब्दानेही म्हणत नाही. खुद्द तीमथ्याला तर पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगतो, आजीने ओवा सांगावा तसं. आणि स्वतःच्या अंगातला काटा काढ म्हणून तीनदा विनवूनही तो निघाला नाही, हे त्याने लपवलेलं नाही.

हे सगळं मनात घोळत होतं, तेवढ्यात पाळकसाहेबांचा निरोप आला. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) बारा ते तीनच्या उपासनेत येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार सात जणांना वाटून देतात, ते तुला आठवत असेलच. पहिल्याला, 'हे बापा, त्यांना क्षमा कर'ला, नेहमी मागणी. सहावा, 'पूर्ण झाले आहे', विजयाचा, तोही लगेच उचलला जातो. चौथा उरतो. तो माझ्याकडे आला.

'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' यावर आजवर ऐकलेली बहुतेक भाषणं एकाच वाटेने जातात. हे २२ व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य आहे, त्या स्तोत्राचा शेवट स्तुतीत होतो, म्हणजे येशूच्या मनात खरं तर स्तुतीच होती, आणि वक्ता सुटकेचा श्वास टाकून खाली बसतो. मला हे पटत नाही. स्तोत्राचा शेवट त्यालाही पाठ असणारच, तरी तोंडातून आलं ते पहिलं वाक्य. लूक आणि योहान यांच्या शुभवर्तमानांत हा उद्गार नाहीच. मार्काने मात्र सगळं ग्रीकमध्ये लिहिताना हे अरामीतच राहू दिलं: एलोई, एलोई, लमा सबखथनी. वर्मी घाव बसला की माणूस आईच्या भाषेत ओरडतो.

शास्त्रात अशा ओरडण्याला केवढी जागा आहे, ते मी या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. १५० स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्शाच्या आसपास गाऱ्हाणीच आहेत. विलापगीताच्या पाच अध्यायांपैकी पहिले चार हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने बांधलेले. अक्षरं बावीस, म्हणून ओव्याही बावीस, तिसऱ्या अध्यायात प्रत्येक अक्षराला तीन. यरुशलेम जळून गेलंय, माणसं उपाशी मेलीत, आणि कवी 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत रडतो आहे. त्यातली 'दया रोज सकाळी नवी' एवढी ओळ आपण कॅलेंडरवर छापली, बाकीचं मिटून ठेवलं.

खरं तर आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीला हे नवं नव्हतं. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण येताना तुकोबांना उंबऱ्याबाहेर ठेवलं नाही. देवापाशी हट्ट धरणं, रुसणं, त्याला जाब विचारणं ही आपल्या अभंगाची जुनी खोड. पेटी-तबल्यावर टिळकांची भजनं म्हणताना आपल्या आज्यांचे डोळे पुसायचे राहून जात. आता पडद्यावर नव्या गीतांच्या ओळी येतात, आणि त्यांत 'मी' कायम जिंकलेला असतो. ड्रमवर माझा राग नाही हं, माझीच मुलगी वाजवते. आणि हेही कबूल करतो की आईच्या आजारपणात रात्री दवाखान्यात बसायला आली ती हीच ड्रमवाली पोरं. जुनी भजनं तोंडपाठ असणारे आम्ही निम्मे जण फोनवरच चौकशी करत होतो.

तर शुक्रवारी मला दहा मिनिटं होती. चार पानं लिहून नेली होती, त्रफिमासकट. उभा राहिलो आणि पानं उलगडावीशी वाटेनात. ती आईच्या वतीने लिहिलीच नव्हती, त्या उपदेशकाला हरवायला लिहिली होती. मग ८८ वं स्तोत्र काढलं, अठराच्या अठरा ओव्या वाचल्या आणि खाली बसलो. ते कुठेच वळत नाही, अंधारातच संपतं. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. पुढचं गीत सुरू करावं की नाही, हे पाळकसाहेबांना कळेना. पेटीवाल्याने नुसता सूर धरून ठेवला.

उपासना सुटल्यावर मागच्या बाकावरची एक म्हातारी बाई माझ्यापाशी आली. तिचा तरुण मुलगा गेल्याला बरीच वर्षं झाली. अर्पणाचं रिकामं पाकीट पुढे करून म्हणाली, "कितवं रे ते? लिही यावर."

मी ८८ लिहिलं.

तिने पाकीट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. "आपल्याच शास्त्रातलं ना?"

हो म्हणालो. तिने पाकीट घडी करून कमरेला खोचलं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर, जातोय. कधी मागे बसतो, कधी उपदेश चालू असताना बाहेर कडुनिंबाखाली जाऊन उभा राहतो. मेमध्ये येशील तेव्हा दोन दिवस जास्त काढून ये. आईचं मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र मी तुझ्यासाठी ठेवलंय. समासात तिने पेन्सिलीने काय काय लिहिलंय, आणि ते मला एकट्याने वाचवत नाही.

तुझा,
विनय