ताई, वहीतल्या त्या ओळीबद्दल

ताई,

मेडिकलला जाण्याआधी वर्षभर प्रयोगशाळेत काम करायचं, असं ठरवलं होतं खरं. पण तुमच्याकडे आले तेव्हा उमेद संपत आली होती. आधीच्या लॅबमध्ये पाच महिने पिपेटला लावायच्या टिप्सचे डबे भरले, बाटल्या धुतल्या, वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह लावला. त्या कामाचा कमीपणा कधीच वाटला नाही, कुणीतरी ते करायलाच हवं. पण त्या टिप्स वापरून पुढे काय मोजतात, हे एकानेही सांगितलं नाही. विचारलं तर, "तुला सर्टिफिकेटच हवंय ना? मिळेल." मिळालं. अजून पाकिटातून बाहेर काढलेलं नाही.

तुम्ही पहिल्याच दिवशी अगदी थोडा द्रव मोजून घ्यायचं पिपेट हातात दिलंत आणि तराजूपाशी बसवलंत. 100 मायक्रोलिटर पाणी जवळपास 100 मिलिग्रॅम भरायला हवं. माझं कधी 91 भरे, कधी 108. दोन दिवस तेवढंच केलं. तुम्ही एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीत.

आणि मग ती संध्याकाळ. डीएनए पट्ट्यांसारखा दिसतो त्या जेलच्या फोटोत तुम्हाला हवे तिथे सगळे बँड, म्हणजे त्या पट्ट्या, आले होते. तुमचा चेहरा उजळला होता. शेवटच्या रांगेत, जिथे डीएनएऐवजी नुसतं पाणी घातलं होतं, आणि काहीच दिसायला नको होतं, तिथेही एक पुसट बँड होता. तो मला दिसला. नळ्या मीच भरल्या होत्या. बोलावं की नाही, या विचारात मी दोनदा हात धुऊन आले. शेवटी बोलले.

तुम्ही बराच वेळ फोटो पाहत राहिलात. मग वही ओढलीत आणि लिहिलंत: "पाण्याच्या कंट्रोलमध्ये बँड. आजचे निकाल बाद." त्याखाली, "लक्षात आणून दिलं:" आणि माझं पूर्ण नाव. आडनावातली वेलांटी पहिली की दुसरी, हेही विचारून घेतलंत.

पुढे पाणी बदललं, प्रायमर (डीएनएच्या प्रती काढायला लागणारे छोटे तुकडे) बदलले, काम मार्गी लागलं. माझ्या मनात मात्र ती वेलांटीच राहिली आहे. चूक बहुधा माझ्याच हातून झाली होती, आणि तुम्ही माझं नाव लिहिलंत ते ती पकडल्याबद्दल.

1921च्या उन्हाळ्यात टोरांटोला बँटिंगबरोबर इन्सुलिनसाठी राबणारा चार्ल्स बेस्ट जेमतेम 22 वर्षांचा होता, डॉक्टर व्हायचा होता. 1923चं नोबेल बँटिंग आणि ज्यांच्या लॅबमध्ये हे काम झालं ते मॅक्लाउड यांना मिळालं. बेस्टचं नाव त्यात नव्हतं, तेव्हा बँटिंगनी आपल्या वाट्याची निम्मी रक्कम त्याला दिली. ही गोष्ट पूर्वी वाचली होती तेव्हा रकमेचंच कौतुक वाटलं होतं. आता वाटतं, बरोबरीने राबलेला माणूस त्यांना दिसला, हे मोठं. अशी माणसं असतात म्हणूनच माझ्यासारखी मुलं या कामात टिकतात.

उद्या माझ्यासमोर रुग्णाचा रिपोर्ट येईल. सगळं जुळत असताना एखादी गोष्ट खटकली, तर मी बोलेन. ते बळ तुम्ही दिलंत.

पुढच्या महिन्यात कॉलेज सुरू होतंय. वही लॅबबाहेर नेत नाहीत, हे माहीत आहे. पण ते पान एकदा परत पाहायचं आहे. शनिवारी येऊ का?

तुमची,
शेवटच्या बाकावरची विद्यार्थिनी